भाषेच्या पोटातली चूक

एक्याण्णव सालच्या आसपास मी कामाला लागले, तेव्हा परभणीत संगणक ही मुद्दाम बघायला यायची वस्तू होती. ज्वारीच्या नव्या वाणांच्या चाचण्या घेणाऱ्या एका संशोधन केंद्रात मला सहायकाची जागा मिळाली होती. गणिताची पदवी, टायपिंगची परीक्षा आणि पेडगावच्या शाळेत मास्तर असलेले वडील, एवढ्या भांडवलावर. केंद्राच्या मागच्या अंगाला, बियाणांच्या गोदामाला लागून एक खोली होती. तिथं दोन संगणक, एक खडखडणारा प्रिंटर आणि खिडकीत बसवलेला एसी. उन्हाळ्यात शेजारच्या विभागातले लोक त्या थंड हवेसाठी काहीतरी निमित्त काढून आत येत, आणि ताई त्यांच्याकडे न बघता म्हणत, "दार लावून घ्या."

ताई म्हणजे केंद्राच्या प्रोग्रामर. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, औरंगाबादेत शिकलेल्या. पिंगळीहून रोज पॅसेंजरनं यायच्या, आणि गाडी उशिरा आली तर खोलीत पाऊल टाकायच्या आधीच वैतागलेल्या असायच्या. बोलणं थोडं, पण तोंडावर. पहिल्याच आठवड्यात मी भोळेपणानं विचारलं होतं, "ताई, रोज हे येणं-जाणं करण्यापेक्षा इथंच खोली का घेत नाही?"

कीबोर्डवरची नजर न उचलता त्या म्हणाल्या, "दोनदा बघितली. आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असती."

मला कळायला जरा वेळ लागला. तोवर ताईंनी माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा सरकवला. "हे आकडे मोठ्यानं वाच. मी टाकते."

आम्ही वापरायचो ती प्रोग्राम लिहायची एक छोटी भाषा होती. आमचे विभागप्रमुख सर काही महिने परदेशात शिकून आले, तेव्हा त्यांनी ती फ्लॉपींवर आणली होती. तिचं नाव आज कुणाला आठवणार नाही. पण तिची एक गोष्ट वेगळी होती. विकतच्या प्रोग्रामांचं पोट शिवून बंद केलेलं असतं. ही भाषा ज्या कोडमधून तयार झाली होती, तो सगळा कोड सोबत दिलेला होता. पहिल्याच फाइलीत लिहिलं होतं, की हे कुणीही वाचावं, बदलावं, पुढं द्यावं, आणि काही दुरुस्त केलं तर आम्हालाही कळवावं. पुढं याला ओपन सोर्स म्हणायला लागले. तेव्हा तो शब्द आमच्या कानावरही नव्हता. सरांना त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. भाषा मिळाली, काम भागतंय, बास. आणि खरं सांगायचं तर आम्ही दोघींनीही ते पोट कधी उघडून पाहिलं नव्हतं.

ती वेळ आली देवगाव फाट्याच्या ज्वारीमुळं.

गावोगावच्या प्लॉटांवर एकाच वेळी तेच तेच वाण पेरायचे, प्रत्येकाचं उत्पन्न मोजायचं, आणि सगळ्यांची सरासरी काढून कोणता वाण पहिला, कोणता दुसरा ते ठरवायचं, असं ते काम. ताईंनी त्यासाठी प्रोग्राम लिहिला होता. त्या हंगामाचा निकाल आम्ही छापून सरांकडे दिला, आणि थोड्याच वेळात सर तो कागद हातात घेऊन स्वतः खोलीत आले.

"मॅडम, हे काय आहे? देवगाव फाट्याला या वाणाची कणसं मी स्वतः पाहिली आहेत. मिजमाशीच्या किडीनं दाणाच भरला नव्हता. आणि तुमचा कागद म्हणतो, हाच पहिला?"

ताईंनी कागद घेतला, बघितला. "सर, आकडे मी टाकलेत आणि हिनं मूळ कागदाशी ताडून बघितलेत. आकडे बरोबर हायेत."

"मग चुकलं कुठं?"

"बेरीज करणारानं चूक केली असंल."

"बेरीज यंत्र करतं, मॅडम."

"यंत्र नाही, सर. भाषा करते."

सर हसले. ते हसणं मला अजून आठवतं. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "म्हणजे जगभर लोक वापरतात ती भाषा चुकली, आणि आपण बरोबर. असं म्हणायचंय?"

ताईंनी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: प्रत्येक आकडा आत गेला, की तो पडद्यावर दाखव. म्हणजे कुठला आकडा बिघडतो ते सरांच्या समोरच दिसलं असतं. प्रोग्राम चालवला. आकडे भराभर वर सरकले, शेवटी निकाल आला. बिलकुल बरोबर. मिजमाशीनं खाल्लेला वाण शेवटून दुसरा.

"बघा," सर म्हणाले. "म्हणजे आधी तुमच्याकडून काहीतरी वेगळं गेलं होतं. माणसाकडून चूक होते. कबूल करायला काय जातं?"

ते गेल्यावर ताईंनी वाढवलेली ओळ काढून टाकली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. खाल्लेला वाण पुन्हा पहिला. ओळ घातली, बरोबर. ओळ काढली, चूक.

"बघायला गेलं की लपायलंय," ताई पुटपुटल्या. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं रडतील. पण त्या प्रिंटरशी गेल्या, कागद नीट लावला आणि भाषेचा सगळा कोड छापायला लावला. प्रिंटर दुपारभर खडखडत राहिला.

तो कोड वाचणं हा माझ्या आयुष्यातला एक वेगळाच काळ होता. रोजचं काम चुकत नव्हतं. ते उरकून, जेवणाच्या सुट्टीत आणि ताईंची गाडी यायच्या आधीच्या तासाभरात आम्ही गोदामात पोत्यांवर ते लांबलचक कागद पसरून बसायचो. बियाणांना लावलेल्या औषधाचा उग्र वास यायचा. एकीनं वाचायचं, दुसरीनं पेन्सिलीनं खुणा करायच्या. मला सुरुवातीला फार भीती वाटली. तोवर माझ्या मनात भाषा म्हणजे व्याकरणासारखी, पाढ्यांसारखी, कुणी न केलेली गोष्ट होती. ती कुणीतरी टेबलाशी बसून, चहा पीत, खाडाखोड करत लिहिलेली असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

एके ठिकाणी लिहिणाऱ्यानं कोडच्या शेजारी टीप टाकली होती: हे का चालतं ते मला नीट समजलेलं नाही, हात लावू नये. ती वाचून ताई इतक्या मोठ्यानं हसल्या, की गोदामाचा हमाल डोकावून गेला.

"म्हणजे आपल्यासारखाच हाय की गं!"

त्या दिवसापासून माझी भीती कमी झाली.

चूक मात्र सापडेना. एवढं समजलं होतं, की भाषा काम करताना संगणकाच्या स्मृतीतल्या जागा वापरायला घेते, आणि जागा कमी पडायला लागली की मध्येच थांबून आवराआवर करते. जी जागा कुणीच वापरत नाही असं तिला दिसतं, ती मोकळी करून दुसऱ्या कामाला देते. ताईंचा संशय त्या आवराआवरीवर होता. पडद्यावर आकडे दाखवायची ओळ घातली, की जागांचा हिशोब थोडा सरकतो, आवराआवर वेगळ्या क्षणी होते, आणि चूक टळते. पण हा नुसता अंदाज. नेमक्या कुठल्या क्षणी ती नको त्या जागेला हात लावते, ते कसं कळावं? आवराआवर कधीमधी व्हायची. आमच्यासमोर चूक करायला ती काही बांधील नव्हती.

एक दिवस ताई स्टेशनवरून आल्या त्या तडक खोलीत शिरल्या, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "ती कधीमधी येती म्हणून सापडत न्हाई," त्या म्हणाल्या. "तिला दर पावलाला यायला लावू."

त्यांनी भाषेच्या कोडमधली एकच ओळ बदलली. आता जागा कमी पडो न पडो, प्रत्येक छोट्या कामागणिक आवराआवर होणार होती. संगणक इतका हळू चालायला लागला, की आम्ही प्रोग्राम सुरू करून रोजच्या कामाला लागलो. मधूनच मी पडद्याकडे बघितलं आणि ओरडलेच. एक-दोन नाही, निकालातले ढीगभर आकडे बिघडले होते. इतकं चुकलेलं बघून एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

आता ती लपू शकत नव्हती. कागदांवर बोट ठेवत ठेवत आम्ही त्या जागेपर्यंत आलो. एखादी यादी वाढत वाढत तिच्या जागेत मावेनाशी झाली, की भाषा मोठी जागा घ्यायची, यादी तिकडे हलवायची, आणि मग नवीन जागा यादीच्या नावावर करायची. बाकी सगळीकडे असं काही करण्याआधी लिहिणाऱ्यानं एक ओळ टाकलेली होती, जागा राखून ठेवायची. इथं ती नव्हती. हे माझ्या लक्षात आलं, कारण आदल्या आठवड्यात ती ओळ जिथं जिथं दिसली तिथं मी लाल पेन्सिलीनं खूण केली होती, आणि या पानावर एकही लाल खूण नव्हती.

"ताई, इथं राखायचंच राहिलंय."

ताईंनी कागद जवळ ओढला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकतात न्हाई का जागेवर? यानं जागा बघितली, सामान आणायला खाली उतरला, आणि रुमालच टाकला न्हाई. मधल्या मधी दुसराच येऊन बसला."

एका ओळीचं काम होतं. आधी राखायचं, मग हलवायचं. ती ओळ घातली, दर पावलाला आवराआवर चालू ठेवली, आणि प्रोग्राम चालवला. एकही आकडा हलला नाही.

आनंद एक दुपारभरसुद्धा टिकला नाही. डबा खाता खाता ताई थांबल्या. "ही चूक आज पैदा झाली न्हाई. फ्लॉपी आली तवापासून ती आत हाय."

मला कळलं, त्या काय म्हणतायत. मागच्या वर्षीचा निकालही याच भाषेनं काढलेला होता. त्यावरून सरांनी कोरडवाहू जमिनीसाठी एका वाणाची शिफारस केली होती, आणि ती छापून गावोगाव गेली होती.

"सरांना सांगायचं?" मी विचारलं. त्यांचं ते हसणं माझ्या डोळ्यांपुढं होतं.

"सांगायचं. लोक त्यो कागद बघून बी पेरायलेत."

सरांच्या टेबलासमोर ताईंनी फार बोलायचा प्रयत्न केला नाही. त्यांना खोलीत बोलावलं, जुनी भाषा आणि दुरुस्त केलेली भाषा दोन संगणकांवर शेजारी शेजारी चालवली, आणि कोडची ती जागा दाखवली. सरांनी दोन्ही पडदे पुन्हा पुन्हा बघितले. चष्मा काढला, पुसला. मी भिंतीला टेकून उभी होते.

"मागच्या हंगामांचे सगळे कागद काढा," ते शेवटी म्हणाले. "माझी शिफारस ज्याच्यावर आहे तेही. सगळं परत चालवा."

आम्ही सगळं परत चालवलं. बहुतेक निकाल होते तसेच निघाले. एकच बदलला, आणि तो नेमका सरांच्या शिफारशीचा. पहिला म्हटलेला वाण दुसरा होता. फरक मोठा नव्हता. कुणाचं शेत त्यानं बुडालं नसतं. पण वार्षिक बैठकीत, बाहेरचे अधिकारी बसलेले असताना, सर उभे राहिले आणि शिफारस मागे घेतो म्हणाले. कुणीतरी विचारलं, चूक कुणाची? सर म्हणाले, "निकालावर सही माझी आहे." मग संगणकाच्या खोलीतल्या दोघींनी ही चूक शोधली, असं सांगून खाली बसले. त्या वर्षी त्यांची बढती हुकली. त्याचं कारण हेच होतं की दुसरं काही, ते आम्हाला कधी कळलं नाही.

ताईंची माफी त्यांनी मागितली नाही. पण बैठकीनंतर एका दुपारी ते खोलीत आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, ते आवराआवरीचं मला एकदा नीट समजावून सांगा." ताईंनी सांगितलं. सरांनी विद्यार्थ्यासारख्या शंका विचारल्या. ते गेल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "शिकवलं तर कळतंय त्यांला."

आता राहिलं होतं कळवायचं. पहिल्या फाइलीत तसं लिहिलंच होतं. ताईंचा धाकटा भाऊ पुण्यात एका संस्थेत होता, तिथं ई-मेल होती. ताईंनी सगळं फ्लॉपीवर लिहून पोस्टानं त्याला पाठवलं, त्यानं ते समुद्रापार त्या भाषेची देखभाल करणाऱ्या माणसाला पाठवलं, आणि उत्तर छापून आम्हाला पोस्टानं धाडलं. एका प्रश्नाचं उत्तर असं फिरून यायला महिनाही लागायचा.

पहिलं उत्तर आलं 'डियर सर' म्हणून. पुढं लिहिलं होतं: माझ्याकडे असं काही होत नाही. जमेल तेवढा छोटा प्रोग्राम पाठवा, ज्यात चूक दिसते.

"खोटं वाटायलंय त्याला," ताई फणकारल्या. पण कामाला लागल्या. मूळ प्रोग्राममधला एक तुकडा कापायचा, अजून चुकतंय का बघायचं. चुकत असेल तर अजून कापायचं. ज्वारी गेली, गावं गेली, वाण गेले, आणि शेवटी बोटांवर मोजण्याएवढ्या ओळी उरल्या. त्यात यादी वाढवण्याशिवाय काहीच नव्हतं, आणि तरी त्या चुकत होत्या.

दुसरं उत्तर लांब होतं. चूक दिसली, आभार. पण तुमची दुरुस्ती घालून मी मोठा प्रोग्राम बराच वेळ चालवला, तेव्हा स्मृती भरत भरत संगणक बंद पडला. तुम्ही जागा राखता, पण राखलेली सोडत नाही.

ताईंनी ते वाचलं आणि कागद पालथा ठेवला. "रुमाल उचलायचाच ऱ्हायला." त्या दिवशी त्या माझ्याशी जवळपास बोलल्याच नाहीत. मी समजूत घालायला गेले, तर म्हणाल्या, "नको. लाज वाटू दे जरा. बरं असतंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्ती पुन्हा लिहिली, आणि या वेळी ती पाठवायच्या आधी संगणक दिवसभर चालता ठेवला. मध्ये वीज गेली, की पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या उत्तरात होतं, की दुरुस्ती घेतली आहे, पुढच्या आवृत्तीत येईल, आणि श्रेयाच्या यादीत कोणती नावं लिहायची?

ताईंनी माझं नाव आधी टाइप केलं, मग स्वतःचं. स्वतःचं, वडिलांचं, आणि आडनाव, तिन्ही पूर्ण. केंद्राच्या कागदांवर त्या नेहमी नाव आणि आडनावाचं एक अक्षर लिहायच्या, म्हणून मी म्हटलं, "तिथं कुणाला आडनावावरून काय कळणारंय, ताई."

"कळावं म्हणून लिहीत न्हाई. माझं हाय म्हणून लिहायलेय."

नवीन फ्लॉपी आली तेव्हा आम्ही दोघींनी ती फाइल पडद्यावर उघडून बघितली. आमची नावं शेवटच्या काही ओळींत होती. ताईंनी ती वाचली आणि पटकन पुढची फाइल उघडली. पण त्या दिवशी संध्याकाळी स्टेशनकडे जाताना त्या गुणगुणत होत्या.

त्यानंतर आवराआवरीच्या त्या भागातल्या तक्रारी आमच्याकडेच यायला लागल्या. कुणी ठरवून दिलं नव्हतं. देखभाल करणाऱ्या माणसानं एकदा एक प्रश्न पुढं धाडला, आम्ही सोडवला, मग दुसरा आला. चुका शोधणं म्हणजे शौर्याचं काम, असं मला वाटायला लागलं होतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते उतरलं. बहुतेक तक्रारी चुका नसायच्याच. लोकांचा गैरसमज असायचा, आणि तो न दुखावता सांगावा लागायचा. कुणीतरी हुशारीनं केलेला बदल पाठवायचा, आणि तो नाकारावा लागायचा, कारण तो त्याच्या संगणकावर चालला तरी दुसऱ्याच्या चालणार नव्हता. ताई नकार लिहायला फार वेळ घ्यायच्या. खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. "मला त्यानं रुमालाचं सांगितलं, तवा माझा पाणउतारा केला न्हाई," त्या म्हणायच्या. "तसं लिहिता आलं पाहिजे." ज्यांची तोंडं आम्ही कधी बघणार नव्हतो, ज्यांच्या शेतात काय पिकतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं, अशा माणसांची बेरीज चुकू नये म्हणून परभणीत दोन बायका एकेका ओळीवरून वाद घालत बसायच्या. घरी सांगितलं तर आई म्हणायची, "म्हंजी त्याचा पगार कोण देतंय?" मी म्हणायचे, कुणीच नाही. ती काळजीनं माझ्याकडे बघायची.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. सोळा-सतरा वर्षं चाललेलं ते प्रकरण. गावात तणाव होता, बस बंद पडत होत्या, स्टेशनवर पोलीस होते. ताई काही दिवस कामावर आल्या नाहीत. त्यांना फोन नव्हता. त्याच दिवसांत पुण्याहून पाकीट आलं: आमच्या भागात नवीन चूक निघाली होती, आणि या वेळी ती खरी होती. ताईंची वाट बघत मी ते टेबलावर ठेवलं. मग वाट बघवेना, तेव्हा एकटीनंच कागद पसरले.

त्या आल्या, त्या दिवशी हातात पेढ्यांचा पुडा होता. प्रिंटरशेजारी त्यांनी तो उघडून ठेवला. "घ्यायचा त्यानं घ्यावा." सरांनी घेतला, आणखी एक मागून घेतला. हमालानं घेतला. थंड हवेला येणाऱ्यांपैकी काहींनी घेतला. काहींना पुडा दिसलाच नाही.

दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. ताई आपणहून बोलल्या. "अठ्ठ्याहत्तरला मी दहावीत होते. तवा आमी पिंगळीत न्हवतो. दुसऱ्या गावात होतो. आमची वस्ती जाळली. दप्तर, पुस्तकं, सगळं गेलं. बापानं आमाला मामाच्या गावी आणून सोडलं, म्हणून पिंगळी." मग म्हणाल्या, "लय आनंद होईल असं वाटलं होतं. झाला. पण बाप न्हाई आता बघायला."

त्या साली मी प्राथमिक शाळेत होते. मोठ्या माणसांनी आम्हा पोरांना बाहेर जाऊ दिलं नव्हतं, एवढं मला आठवत होतं. का, विचारलं तर म्हणायचे, तिकडं काहीतरी झालंय. आमच्या घरी त्याला 'काहीतरी' म्हणत. मी ताईंना तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ठाऊक असलेली गोष्ट ऐकल्यासारखी.

मग त्यांना माझे पसरलेले कागद दिसले. "हे तू एकटीनं केलंस?"

"हो. बरोबर आहे का?"

त्यांनी सावकाश सगळं वाचलं. "बरोबर वाटायलंय. आता हे मोडून दाखव."

उरलेला आठवडा मी माझीच दुरुस्ती मोडायच्या खटपटीत होते. ती मोडली नाही. ताईंनी ती पाठवताना फक्त माझं नाव लिहिलं. मी त्यांचंही लिहा म्हटलं, तर म्हणाल्या, "खामखा कशाला? मी पेढे वाटत होते तवा."

पुढच्याच वर्षी ताईंना हैदराबादला नोकरी लागली. जाताना त्यांनी लाल-निळ्या खुणांचे ते कागद मला दिले, आणि मी एकटी त्या भागाचं बघत राहिले. नव्या माणसांना शिकवलं, नकार लिहिले, स्वतः चुकले. परभणीत ई-मेल आली, पोस्टाची पाकिटं बंद झाली. समुद्रापारचा तो माणूस निवृत्त झाला. तोवर त्यानं आम्हाला 'डियर सर' म्हणणं सोडून दिलं होतं. बऱ्याच वर्षांनी त्या भाषेची सूत्रं हातात घेतलेल्या तरुण मंडळींनी कळवलं, की आवराआवरीचा सगळा भाग काढून नव्यानं लिहिला आहे. जुन्यातली एकही ओळ ठेवलेली नाही.

मी हैदराबादला फोन लावला.

"आपलं सगळं काढून टाकलं, ताई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लय दिवस चाललं. नवीन वाचलंस का?"

"वाचायलेय."

"कसं हाय?"

"आपल्यापेक्षा बरं हाय. एक जागा तेवढी खटकायलीय."

"मग कळव की त्यांला."

मी कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. माझी शंका चुकीची होती. का चुकीची, ते त्या पोरांनी न दुखावता, नीट समजावून लिहिलं होतं.